लाइन गेल्यावर टाकीत नेमके काय चालू राहिले पाहिजे?

मानेवाडा_टँक (२० मे, रात्री १०.१५)

नमस्कार. गेल्या रविवारी दुपारी सव्वा वाजता आमच्या भागातील डीपी जळाली आणि लाइन आली ती थेट संध्याकाळी पावणेआठला. बाहेर पारा पंचेचाळिसाच्या पुढे होता. घरच्या इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि एक दिवा चालतो. माशांची टाकी त्यावर जोडलेली नव्हती, कारण इतका वेळ लाइन जाण्याची सवयच सुटली होती. टाकी ३६ × १५ × १८ इंचांची, म्हणजे सुमारे १६० लिटरची आहे. तिच्यात सहा एंजल, दहा टायगर बार्ब आणि दोन गुरामी होते.

जेवण करून आम्ही सगळे आतल्या खोलीत झोपलो. पाच वाजता पाणी प्यायला उठलो, तेव्हा तीन मोठे एंजल मेलेले होते आणि उरलेले मासे पृष्ठभागाला तोंडे लावून धापा टाकत होते. पाण्याचे तापमान ३४.५ अंश होते. दुसरे काही सुचेना, म्हणून तांब्याने पाणी काढून हातभर उंचीवरून परत टाकीत ओतत राहिलो. हात भरून आल्यावर मुलाने तांब्या घेतला. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले मासे हळूहळू खाली उतरले. दोन गुरामी मात्र या सगळ्या काळात काहीच घडले नसल्यासारखे फिरत होते.

आता प्रश्न असा आहे. कॅनिस्टर (टाकीबाहेरच्या बंद डब्याचा) फिल्टर २० वॅटचा, लाइट ३६ वॅटचा, हवेचा पंप ४ वॅटचा आणि हिवाळ्यातला हीटर २०० वॅटचा आहे, म्हणजे एकूण २६० वॅट. इन्व्हर्टरवाल्याने यासाठी मोठा इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या सुचवल्या असून खर्च तीस हजारांच्या पुढे जातो. आमचे मेहुणे जनरेटर घ्या म्हणतात. माशांपायी इतका खर्च करणे योग्य आहे का, आणि केला तर किती क्षमतेचा बॅकअप घ्यावा?

काचेपलीकडे

एंजलबरोबर कुरतडखोर टायगर बार्ब ठेवता आणि एंजलच्या मिशा (पोटाखालचे लांब पर) अजून शाबूत आहेत? आधी त्याबद्दल अभिनंदन स्वीकारा.

धंतोलीचा_गप्पी

बार्बचा विषय वेगळ्या धाग्यावर घेऊ, काचेपलीकडे. इथे आधीच तीन मासे गेले आहेत.

मानेवाडा भाऊ, तुमची बेरीजच मुळात चुकीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. मे महिन्यात हीटर लागत नाही, तेव्हा २०० वॅट गेले. लाइट माशांना नको, आपल्याला हवा असतो, गेले ३६. उरलेल्या २४ वॅटपैकी मासे जिवंत ठेवण्याचे काम त्या ४ वॅटच्या पंपाचे आहे. घरातला एक जुना पंखा ७५ वॅट खातो, म्हणजे तुम्ही ज्या पंख्याखाली झोपला होतात त्याच्या विजेवर असे अठरा पंप चालले असते. हे टोचून बोलण्यासाठी लिहीत नाही. माझीही पहिली टाकी अशीच गेली होती.

प्राणवायू_मीटर

धंतोलीकरांशी सहमत आहे, त्यामागचे कारण सांगतो. पाण्यात प्राणवायू किती विरघळू शकतो हे तापमानावर ठरते. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे ७.६ आणि ३५ अंशांना ६.९ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. आणि नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास उंच असल्यामुळे आपल्याकडे त्याहून किंचित कमीच धरावे लागते. नुसता हा फरक माशांना मारण्याइतका मोठा नाही. परंतु पाणी तापते तसा माशांचा श्वासोच्छ्वास वाढतो, दहा अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि फिल्टरमधले व गाळातले जिवाणूही त्याच साठ्यातून प्राणवायू घेतात. म्हणजे मिळकत घटते त्याच वेळी खर्च दुप्पट होतो.

पृष्ठभाग हलत असेल तर हवेतून भर पडत राहते आणि हिशेब कसाबसा जुळतो. पाणी स्थिर झाले की वरचा पातळ थर भरलेला आणि खालचे पाणी रिकामे, अशी स्थिती होते. तुमच्या तांब्याने तोच थर मोडला. बुडबुड्यांचेही तसेच आहे. बुडबुड्यातून विरघळणारी हवा थोडी असते; बुडबुडे खालचे पाणी वर आणतात आणि पृष्ठभाग फोडतात, हे त्यांचे खरे काम.

मोठे मासे आधी गेले, हेही प्राणवायू कमी पडल्याचेच लक्षण आहे. गुरामी वाचले, कारण त्यांच्या डोक्यात हवेतून श्वास घेण्याचा अवयव असतो. ते वर येऊन हवा गिळतात. फायटर माशाचेही असेच असते. उष्णता सर्वांना सारखीच होती, तरी गुरामींना काही झाले नाही. म्हणून उष्णतेने मासे मेले असे मी म्हणणार नाही.

महालातला_माठ

इथे थोडा मतभेद नोंदवतो. गुरामी मुळातच उथळ, गरम पाण्यात राहणारे मासे आहेत, त्यांना उष्णताही इतरांपेक्षा जास्त सोसते. तेव्हा ते वाचले यावरून उष्णता निर्दोष सुटत नाही. माझ्याकडे मागच्या वर्षी नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) हवेचा पंप चोवीस तास चालू होता, लाइन एकदाही गेली नाही, तरी पाणी ३६ अंशांवर गेल्यावर दोन गोल्डफिश गेले. त्याला काय म्हणाल?

प्राणवायू_मीटर

गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे, त्याच्यासाठी ३६ अंश हीच शिक्षा आहे, हे मान्य. गुरामींचा पुरावा अपुरा आहे, हेही मान्य. परंतु मूळ लेखातील एक वाक्य पुन्हा वाचा. तांब्याने पाणी ओतल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मासे खाली उतरले. त्या पंधरा मिनिटांत पाणी थंड झालेले नव्हते, बंद खोलीत ते उलट आणखी तापतच असणार. बदलला तो फक्त प्राणवायू.

महालातला_माठ

हा मुद्दा पटला. तरीही पंपाबरोबर थंडाव्याचा विचार करावा, एवढे माझे म्हणणे मी सोडत नाही.

बेसा_रोड

थंडाव्यासाठी सोपा उपाय आहे. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवायच्या आणि लाइन गेली की एक टाकीत तरंगत सोडायची. आम्ही दर उन्हाळ्यात हेच करतो.

दोन_पैशांचा_हिशेब

बेसा रोड, आपण वाईट वाटून घेऊ नका, पण हा हिशेब एकदा मांडून पाहू. अर्धा किलो बर्फ वितळताना सुमारे १६७ किलोज्यूल उष्णता घेतो, आणि ते पाणी तिशीपर्यंत तापताना आणखी साठेक. एकूण २३० धरू. १६० लिटर पाणी एका अंशाने थंड करायला जवळजवळ ६७० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे तुमच्या एका बाटलीने तापमान एक तृतीयांश अंशाने उतरते. एक अंशासाठी तीन बाटल्या लागतील, आणि त्यांचा परिणाम तासाभरात पुसला जाईल.

आता तेच अर्धा लिटर पाणी टाकीच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन उडाले तर ते सुमारे १२०० किलोज्यूल घेऊन जाते. त्यातील काही उष्णता हवेतून येते, सगळी पाण्यातून नव्हे. तरीही हे गणित बर्फाच्या कितीतरी पुढे आहे. संगणकाचा १२ व्होल्टचा छोटा पंखा दोन-अडीच वॅटचा असतो. तो झाकण उघडून पृष्ठभागावर तिरका लावला, तर आपल्या कोरड्या मे महिन्यात माझ्या टाकीचे पाणी खोलीच्या मानाने तीन-साडेतीन अंश खाली राहते. आपला कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे आहे. आणि जुलैत कूलर जसा निरुपयोगी होतो, तसा हा पंखाही होतो. पण जुलैत त्याची गरज उरत नाही.

बेसा_रोड

आठ वर्षांची श्रद्धा आपण दोन परिच्छेदांत वितळवलीत. तशीही लाइन गेल्यावर सौ. फ्रीजर उघडू देत नाहीत.

महालातला_माठ

माझे नाव ज्यावरून आहे ते उगाच नाही. पंखाही नसेल तर सुती दुपट्टा ओला करून टाकीच्या तीन बाजूंना गुंडाळावा आणि त्याचे एक टोक पाण्याच्या थाळीत सोडावे. काच माठासारखी पाझरत नाही हे खरे, पण कापडावरचे पाणी उडते तसे ते काचेतून उष्णता ओढते. एकच काळजी घ्यावी: त्या बाजूला एक्स्टेंशन बोर्ड नसावा.

वर्धा_रोड_कॅनिस्टर

प्राणवायू झाला, थंडावा झाला, पण फिल्टरचा कोणीच उल्लेख केला नाही. बंद कॅनिस्टरमध्ये पाणी थांबले की आतले जिवाणू तिथला प्राणवायू संपवतात, आणि काही तासांनी त्या डब्यात कुजके पाणी तयार होते. लाइन आल्यावर फिल्टर आपोआप सुरू होतो आणि ते पाणी थेट टाकीत जाते. एकदा आमची लाइन रात्रभर नव्हती. सकाळी आली, फिल्टर गुरगुरला, सडक्या अंड्यासारखा वास आला आणि दुपारपर्यंत पाच टेट्रा आडवे झाले. तेव्हापासून माझा नियम असा आहे की लाइन तीन-चार तासांपेक्षा जास्त गेली तर फिल्टरचा प्लग काढून ठेवायचा, आणि सुरू करण्याआधी डबा उघडून आतले पाणी फेकून, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळखळून घ्यायचे.

जुना_इतवारी

वर्धा रोड, मला हे अतिरेकी वाटते. भारनियमनाच्या काळात दिवसाला सहा-सहा तास लाइन जात असे, मी कधी डबा उघडला नाही आणि काही झालेही नाही.

वर्धा_रोड_कॅनिस्टर

काका, आपण डबा दर महिन्याला धुणारे आहात, हे या मंचावर सर्वांना ठाऊक आहे. माझा तेव्हा सहा महिने धुतलेला नव्हता. गाळ जितका जास्त आणि पाणी जितके गरम, तितका वेळ कमी, एवढेच म्हणतो.

जुना_इतवारी

हे बरोबर आहे.

अंबाझरी_तळमजला

माझा अनुभव उन्हाळ्याचा नाही, पण इथे उपयोगी पडेल म्हणून लिहिते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आमच्या भागात पुराचे पाणी शिरले. इन्व्हर्टर आणि बॅटरी जमिनीवर ट्रॉलीत होती. गुडघाभर पाणी आले तेव्हा ती पहिल्या काही मिनिटांतच गेली. टाकी लोखंडी स्टँडवर असल्यामुळे कोरडी होती, म्हणजे बाहेरून कोरडी. बाहेर सगळीकडे पाणी आणि मासे बसले आहेत ते टाकीतल्या पाण्यात, असा विचित्र देखावा होता.

माशांना त्या दिवशी वाचवले ते मासे विकणाऱ्याकडून कधीकाळी घेतलेल्या, दोन मोठ्या सेलवर चालणाऱ्या पंपाने. मुलाच्या खेळण्याइतका असतो तो. पिशवीतून मासे लांब न्यायचे तेव्हा वापरतात. पहिले सेल दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालले, नंतर आवाज मंदावला तसे बदलले. आमच्याकडे लाइन येईपर्यंत तीन जोड्या लागल्या. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की इन्व्हर्टर कितीही मोठा असला तरी टाकीपाशी एक उपाय असा हवा, जो घरातील कुठल्याही वायरीवर अवलंबून नाही.

धंतोलीचा_गप्पी

ताई, हा प्रतिसाद या धाग्याचा कणा आहे.

सोल्डरिंग_गन

आता विजेची बाजू पाहू. १५० ॲम्पियर-अवर, १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवरची असते. तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्म्यापेक्षा जास्त काढू नये, म्हणजे ९०० धरा. दोन पंखे आणि एक दिवा मिळून १६० वॅट घेतात, तेव्हा ही बॅटरी साडेपाच तासांत हात वर करते, आणि ती तीन वर्षांची असेल तर त्याच्या बऱ्याच आधी. तिच्यावर ४ वॅटचा पंप जोडला तर तुमच्या पंख्यांच्या वेळेतून जेमतेम आठ-दहा मिनिटे कमी होतील. तेव्हा मानेवाडा भाऊंना नवा इन्व्हर्टर नको, टाकीमागे इन्व्हर्टरच्या लाइनीवरचा एक सॉकेट हवा. इलेक्ट्रिशियनचे अर्ध्या तासाचे काम आहे.

मात्र इन्व्हर्टर स्वतः चालू राहण्यासाठीही दहा-पंधरा-वीस वॅट खातो. पंखे बंद असताना केवळ ४ वॅटच्या पंपासाठी तो रात्रभर चालवणे म्हणजे एका माणसासाठी एसटी सोडण्यासारखे आहे. त्यापेक्षा १२ व्होल्टवर चालणारा पंप बॅटरीवर थेट जोडावा. अट अशी की बॅटरीच्या धन टोकाला लागूनच दोन ॲम्पियरचा फ्यूज टाकावा, कारण ही बॅटरी शॉर्ट झाली तर वायर तापून लाल होते. आणि पंप साडेचौदा व्होल्ट सोसणारा असावा, कारण चार्ज होताना बॅटरीचा व्होल्टेज तिथपर्यंत जातो.

वर्धा_रोड_कॅनिस्टर

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कॅनिस्टर चालवावा का? माझा त्यावर घूं-घूं आवाज करतो.

सोल्डरिंग_गन

शक्यतो चालवू नये. या मोटारीचा चुंबक ५० हर्ट्झच्या गोलाईदार (साइन) लहरींवर फिरण्यासाठी केलेला असतो. चौकोनी लहरींमध्ये नको असलेल्या कंपनांची भर असते, ती उष्णता होऊन वायंडिंगमध्ये जाते. तास-दोन तासांनी काही होत नाही. रोज सहा तास चालवाल तर मोटार लवकर जाईल. साइन वेव्ह असेल तर प्रश्नच नाही.

जुना_इतवारी

माझा सात वर्षे स्क्वेअर वेव्हवर चालला.

सोल्डरिंग_गन

काका, तुमच्या घरी सगळेच जास्त चालते.

नंदनवन_नॅनो

माझी टाकी केवळ ३० लिटरची आहे. मोबाइलच्या पॉवर बँकेवर यूएसबीचा पंप चालवला तर पुरेल का? माझ्याकडे १०,००० एमएएचची बँक आहे.

सोल्डरिंग_गन

पुरेल. १०,००० एमएएच म्हणजे आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला ३७ वॅट-अवर. रूपांतरातील घट सोडून ३० तरी हाती येतात. दीड वॅटचा पंप त्यावर वीस तास चालतो. अडचण वेगळीच येते. कित्येक पॉवर बँका फार थोडा प्रवाह जात असेल तर मोबाइल भरला असे समजून स्वतःच बंद होतात. त्यामुळे आज घरी असतानाच पंप लावून दोन तास पाहा. बँक बंद झाली तर दुसरी घ्या किंवा किंचित मोठा पंप घ्या. बँक टाकीच्या झाकणावर ठेवू नका, पाण्यावर आणि उन्हात तर नाहीच.

कोराडी_नाका

माझ्या घरून औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या दिसतात. आमची लाइन तरीही जाते. एवढेच सांगायचे होते.

धंतोलीचा_गप्पी

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सूर्यप्रकाशे

मी गच्चीवर ४० वॅटचे पॅनेल, चार्ज कंट्रोलर आणि ४० ॲम्पियर-अवरची बॅटरी लावली असून तिच्यावर ५ वॅटचा हवेचा पंप चोवीस तास चालतो, लाइन असो वा नसो. पंपाला दिवसाला १२० वॅट-अवर लागतात. पॅनेल उन्हाळ्यात त्यापेक्षा बरेच जास्त देते. मेमध्ये ऊन भरपूर असले तरी पॅनेल तापल्यामुळे उत्पादन थोडे उतरते, शिवाय धुळीने उतरते ते वेगळे. आठवड्यातून एकदा ओले फडके फिरवतो. खरी परीक्षा पावसाच्या झडीत होते. सलग तीन दिवस आभाळ राहिले की बॅटरी दम टाकते आणि मी घरच्या विजेवर येतो.

बॅटरी आधी गच्चीच्या जिन्यात ठेवली होती, तिथे दुपारी चाळीसच्या वर तापमान जाई. ती दोन उन्हाळेही टिकली नाही. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य पंचविशीच्या वर दर दहा अंशांना निम्मे होत जाते, हे मला नंतर कळले. नवी बॅटरी आता देवघराच्या खाली आहे आणि तिच्या डिस्टिल्ड वॉटरची तपासणी आमच्या आई करतात.

प्रतापनगर_पाणीच_पाणी

एका गोष्टीकडे सर्वांचे दुर्लक्ष झाले आहे, ती माझ्या फजितीतून सांगतो.

माझा हवेचा पंप टाकीखालच्या कपाटात, म्हणजे पाण्याच्या पातळीच्या दोन फूट खाली होता. पंप चालू असतो तेव्हा नळीत हवेचा दाब असतो. लाइन गेली की दाब जातो, पाणी नळीत चढते, टाकीचा काठ ओलांडते आणि सायफन सुरू होतो. रात्री दोनला लाइन गेली. सकाळी कपाट उघडले तर पंपाच्या बुडातून पाण्याची बारीक धार लागलेली होती, एक्स्टेंशन बोर्डाच्या तीन भोकांत पाणी उभे होते, आणि तळाशी ठेवलेला माशांच्या खाद्याचा डबा फुगून उघडला होता. दोन बादल्या पाणी मी फडक्याने टिपले. लाइन अजून आलेली नव्हती हे माझे नशीब. नाहीतर मी चपला न घालता त्या ओल्या फरशीवर उभा होतो.

यावर उपाय म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. अंगठ्याच्या नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो, वीस-तीस रुपयांत मिळतो. किंवा पंप टाकीपेक्षा उंच, भिंतीवर टांगावा. आणि बोर्ड कधीही जमिनीवर ठेवू नये. वायर आधी खाली लोंबून मग वर बोर्डाकडे जावी, म्हणजे थेंब बोर्डात न जाता खाली पडतो.

वर्धा_रोड_कॅनिस्टर

यात भर घालतो. पाणी उतरले आणि हीटर उघडा पडला, तर लाइन आल्यावर तो कोरडाच तापतो आणि काच तडकते. त्यामुळे हीटर आडवा, तळाजवळ लावावा.

मनीषनगर_ताई

हिवाळ्यात लाइन गेली तर हीटरसाठी काय करावे? आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो.

दोन_पैशांचा_हिशेब

ताई, हीटर इन्व्हर्टरवर चालवू नका, बॅटरी पाहता पाहता संपेल. जे पाणी थंड करायला इतके कष्ट पडतात ते स्वतःहून थंड व्हायलाही वेळ घेते. टाकीला तीन बाजूंनी थर्मोकोल आणि वरून घोंगडी घातली तर मोठ्या टाकीत एक रात्र निघून जाते. फक्त हवेच्या पंपाची नळी घोंगडीत दबू देऊ नका आणि पंप स्वतः घोंगडीबाहेर ठेवा.

मनीषनगर_ताई

आभारी आहे. आणि खाद्य? लाइन नसताना आमच्या सासूबाई माशांना जास्तच खाऊ घालतात, बिचारे घाबरले असतील म्हणून.

प्राणवायू_मीटर

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि खाद्याचा डबा कुलपात ठेवा. खाल्ल्यावर माशाला प्राणवायू जास्त लागतो, उरलेले खाद्य कुजतानाही तो खाते, आणि फिल्टर बंद असताना वाढणारा अमोनिया कोणी खात नाही. निरोगी मोठा मासा तीन-चार दिवस उपाशी सहज राहतो. लाइन जाणार असल्याचा निरोप आधी आला असेल तर त्या सकाळीही काही घालू नये.

धंतोलीचा_गप्पी

मूळ प्रश्नाकडे परत येतो. हवेच्या पंपावर बुडबुडे काढणारा साधा खडा लावण्याऐवजी स्पंज फिल्टर लावावा, असे मी सुचवेन. तो त्याच हवेवर चालतो. एरवी कॅनिस्टरबरोबर तो कोपऱ्यात पडून राहील आणि त्याच्यावर जिवाणू वाढत राहतील. लाइन गेली की कॅनिस्टर थांबेल, पण त्या ४ वॅटमध्ये प्राणवायू आणि गाळण दोन्ही चालू राहतील. दिसायला तो कुरूप आहे, हे मान्य करतो.

मानेवाडा_टँक (९ जून, सकाळी ८.३०)

सर्वांचे मनापासून आभार. मोठा इन्व्हर्टर घेतला नाही आणि मेहुण्यांचा जनरेटरही नाही. जे केले ते सांगतो.

टाकीमागे इन्व्हर्टरच्या लाइनीवर एक सॉकेट काढून घेतला. त्यावर आत बॅटरी असलेला हवेचा पंप लावला. हा पंप वीज असेपर्यंत विजेवर चालतो आणि वीज गेली की स्वतःच बॅटरीवर येतो, म्हणजे इन्व्हर्टर संपला तरी तो थांबत नाही. पंपावर स्पंज फिल्टर आहे. संगणकाचा जुना पंखा झाकणाच्या जागी आडव्या पट्टीवर बसवला असून तो राउटरच्या छोट्या यूपीएसवर चालतो. अंबाझरी ताईंचा सेलचा पंपही आणून ठेवला आहे, सेल बाहेर काढून, गळू नयेत म्हणून. सगळे मिळून खर्च चार हजारांच्या आत झाला.

काल रविवार होता. सकाळी अकराला मीच मेन स्विच खाली ओढला, कोणाला न सांगता, आणि घरात जो गोंधळ झाला तो इथे लिहीत नाही. इन्व्हर्टरही बंद ठेवला, म्हणजे टाकी फक्त स्वतःच्या बॅटऱ्यांवर होती. अकरा वाजता पाणी ३१.८ अंश होते, चार वाजता ३२.६. पंखा साडेतीन तासांनी थांबला, पंप शेवटपर्यंत चालू होता. एकही मासा वर आला नाही. दिवसभरात पाण्याची पातळी एक बोट उतरली, ती रात्री हायपो (क्लोरीन घालवणारे रसायन) घातलेल्या नळाच्या पाण्याने भरली.

दोन_पैशांचा_हिशेब

उत्तम. रोज असे पाणी घालत राहाल तर एक लक्षात ठेवा: पाणी उडते, त्यातले क्षार उडत नाहीत. दर आठवड्याला थोडे पाणी काढून बदला, नाहीतर ऑगस्टपर्यंत काचेवर पांढरा पट्टा उभा राहील. बोअरिंगचे पाणी घालत असाल तर त्याहून लवकर.

काचेपलीकडे

आणि एंजलच्या मिशा?

मानेवाडा_टँक

दोघांच्या कुरतडल्या आहेत. बार्बसाठी दुसरी टाकी पाहतो आहे, म्हणजे आणखी एक पंप आला.

प्रतापनगर दादा, एक शंका राहिली. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह दोन आणले, एकावर बाण आहे तो लावला. दुसऱ्यावर काहीच खूण नाही. कोणते तोंड पंपाकडे करायचे?

प्रतापनगर_पाणीच_पाणी

तोंडाने फुंकून पाहा. ज्या बाजूने फुंकर आरपार जाते ती बाजू पंपाकडे, आणि दुसरी टाकीकडे. दोन्ही बाजूंनी जात असेल तर तो फेकून द्या.

मानेवाडा_टँक

दोन्ही बाजूंनी जाते आहे.